बोट ट्रेलरची विंच: केबल ठेवायची की पट्टा लावायचा? दाजींच्या बोटीचं पूर्ण प्रकरण

ताई आणि दाजी ह्यूस्टनच्या दक्षिणेला राहतात, गॅल्व्हेस्टन बे तिथून जवळ. दाजी मूळचे मुरुडचे, त्यामुळे पाणी आणि मासे हा विषय घरात कायमचा, आणि रिटायरमेंट जवळ आल्यावर त्यांनी एक सेकंडहँड बोट घेतली, 19 फुटी फायबरग्लासची सेंटर कन्सोल (स्टिअरिंग मधोमध असलेली उघडी बोट), मागे 115 हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन, खाली गॅल्व्हनाइज्ड ट्रेलर आणि ट्रेलरवर कार्पेट गुंडाळलेले लाकडी बंक, म्हणजे बोट ज्यांवर टेकते त्या लांब फळ्या. ट्रेलरच्या पुढच्या खांबावर हाताने फिरवायची विंच होती, म्हणजे ड्रमवर केबल गुंडाळत बोट ट्रेलरवर ओढून घ्यायचं यंत्र, 1,800 पाउंडची, एकच गिअर, आणि तिच्यावर जुन्या मालकाने लावलेली 3/16 इंची स्टीलची केबल. बोट पाण्यात उतरवायची ती बहुतेक वेळा टेक्सास सिटी डाइकवरून, हा पाण्यात साधारण 5 मैल आत गेलेला बांध आहे आणि त्यावर बोटींसाठी रॅम्प, म्हणजे पाण्यात उतरणारे पक्के उतार, आहेत. पाणी खारं, ऊन कडक, आणि मोठी जहाजं चॅनलमधून गेली की त्यांची लाट थोड्या वेळाने रॅम्पवर येऊन आपटते. हे सगळं आधी सांगतोय कारण पुढचा निर्णय याच गोष्टींवर झाला.

झालं असं की बोट वर ओढताना हुक धरायला गेले तेव्हा केबलची तुटलेली एक तार ग्लोव्हमधून दाजींच्या तळव्यात घुसली. जखम म्हणाल तर सुईएवढी. दाजींनी पुसली आणि कामाला लागले. पण दाजींना शुगर आहे, आणि गल्फच्या कोमट खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा बॅक्टेरिया असतो जो उघड्या जखमेतून आत जातो, विशेषतः मे ते ऑक्टोबर या गरम महिन्यांत. निरोगी माणसाला सहसा होत नाही पण डायबिटीस किंवा लिव्हरचा त्रास असलेल्यांना धोका जास्त, आणि इन्फेक्शन झालंच तर साधारण पाचातला एक माणूस दगावतो, कधीकधी एक-दोन दिवसांत. ताईने त्याच संध्याकाळी त्यांना डॉक्टरकडे नेलं, जखम साफ झाली, गोळ्या मिळाल्या, निभावलं. मग तिने मला फोन केला, "तू मेकॅनिकल वाला ना, ये आणि ती तार काय ते एकदा बघ." मी गेलो.

केबल बघताना मी पहिलं काम केलं ते म्हणजे ती ड्रमवरून पूर्ण सोडवून अंगणात सरळ पसरली. ड्रमवर गुंडाळलेली केबल वरून कायम चांगलीच दिसते. ही विंचची केबल 7 बाय 19 बांधणीची असते म्हणजे 19 बारीक तारांचा एक पेड आणि असे 7 पेड, म्हणून ती लवचिक असते आणि छोट्या ड्रमवर वळते, पण तार जितकी बारीक तितकी ती गंजून लवकर तुटते हेही आलंच. हुकपासून पहिले चार-पाच फूट, जो भाग दर वेळी पाण्यात बुडतो, तिथे जस्ताचा थर गेलेला होता. मी केबल हातात धरून (जाड लेदरचे ग्लोव्ह घालून) थोडी उलटी पिळली आणि पेडांमध्ये बारीक स्क्रूड्रायव्हर घातला तर आतून तपकिरी पावडर गळायला लागली. बाहेरून करडी, आतून गंज. शिवाय एक ठिकाणी केबल वरच्या वेढ्याखाली दबून चपटी झाली होती आणि तिथे तारा उभ्या राहिल्या होत्या. क्रेनच्या वायर रोपसाठी अमेरिकेत नियम आहे की पेडाच्या एका पूर्ण फेऱ्याच्या लांबीत 6 तारा तुटलेल्या दिसल्या किंवा एकाच पेडात 3 दिसल्या की रोप काढून टाकायचा. ट्रेलरला हा नियम लागू नाही पण मोजमाप म्हणून चांगला आहे, आणि ही केबल त्या मोजमापात कुठेच बसत नव्हती. ती जाणार हे नक्की झालं. आता तिच्या जागी काय?

दाजींचं म्हणणं स्पष्ट होतं, नवीन केबलच आणू. "कापडाच्या पट्ट्यावर तीन हजार पाउंडाची बोट? लोखंडाचं काम लोखंडानेच करावं रे." त्यांची शंका खरी होती आणि तिला आकड्यांनी उत्तर देणं गरजेचं होतं, म्हणून आम्ही टेबलावर कागद घेऊन बसलो.

आधी बोटीचं वजन. हल म्हणजे बोटीचा सांगाडा साधारण 1,900, इंजिन 375, टाकीत 40 गॅलन पेट्रोल म्हणजे 240 च्या आसपास, बॅटरी, बर्फ, अँकर, सामान मिळून 300. झाले 2,800 पाउंड. ट्रेलरचं वजन यात धरायचं नाही, विंचला बोटच ओढायचीय. चांगल्या रॅम्पचा उतार 12 ते 15 टक्के असतो, 15 धरला तर नुसत्या उताराचा भार 415 पाउंड, त्यात ओल्या कार्पेटचं घर्षण वाढवायचं, पण बोटीचा मागचा भाग शेवटपर्यंत थोडा तरंगत असतो म्हणून पूर्ण वजनावर घर्षण लागत नाही. शेवटच्या ओढीला साधारण 1,000 पाउंड धरले आम्ही.

आता ताकद. 3/16 इंची नवी गॅल्व्हनाइज्ड 7 बाय 19 केबल 4,200 पाउंडला तुटते. दुकानात जो 2 इंच रुंद पॉलिएस्टरचा पट्टा बघितला त्याच्या लेबलवर तुटण्याचा आकडा 6,000 आणि कामाचा भार 2,000, म्हणजे एक तृतीयांश. हे वाचल्यावर दाजी गप्प झाले, पण मी त्यांना तेव्हाच सांगितलं की पट्टा जास्त मजबूत म्हणून पट्टा, असं मी म्हणतच नाहीये. 1,000 पाउंडाच्या कामाला 4,200 पण पुरतात आणि 6,000 पण पुरतात, आणि विंच स्वतःच 1,800 ची आहे. नव्या मालावर छापलेल्या आकड्याने इथे काहीच ठरत नाही. खरं ठरतं ते दोन वर्षं मीठ आणि ऊन खाल्ल्यावर त्यातलं किती उरलंय आणि ते तुम्हाला बाहेरून दिसतंय का, यावर.

इथेच दोघांचा स्वभाव वेगळा आहे. केबल आतून जाते. मिठाचं पाणी पेडांच्या मधे शिरतं, गोड्या पाण्याने कितीही धुतलं तरी आतलं मीठ पूर्ण निघत नाही, आणि ज्या दिवशी बाहेर तारा दिसायला लागतात त्या दिवशी आतलं काम आधीच झालेलं असतं. पट्टा बाहेरून जातो. रंग उडतो, कडा फुसफुशीत होतात, शिलाईचा दोरा पांढरा पडून सुटतो, कापलं असेल तर काप डोळ्यांना दिसतो. पट्टा केबलपेक्षा लवकर खराब होतो हे मान्यच आहे, टेक्सासच्या उन्हात तर नक्कीच, पण तो सांगून खराब होतो आणि हात फाडत नाही. शुगर असलेल्या माणसासाठी माझ्या मते एवढ्यावरच निर्णय व्हायला हवा.

तुटण्याबद्दल पण बोललो, कारण लोक म्हणतात केबल तुटली तर चाबकासारखी येते आणि पट्टा बिनधोक. पूर्ण खरं नाही. पट्टा हलका असतो, त्यामुळे नुसता पट्टा येऊन लागला तर केबलइतकी इजा होत नाही, पण पट्ट्याच्या टोकाला लोखंडी हुक असतो आणि बोटीची कडी निघाली किंवा हुक सुटला तर हुकच विंचकडे उडतो. नायलॉन जास्त ताणतं म्हणजे ते ताणलेल्या रबरासारखं जास्त जोर साठवतं, शिवाय ओलं झालं की नायलॉनची ताकद दहा-पंधरा टक्के कमी होते. म्हणून पट्टा घ्यायचा तर पॉलिएस्टरचाच. आणि केबल असो की पट्टा, ओढताना त्याच्या सरळ रेषेत कोणी उभं राहायचं नाही, ताईला फोटो काढायचे असले तरी बाजूला उभं राहून काढायचे.

पण आता पट्ट्याची जी एक खरी अडचण आहे ती सांगतो, कारण पट्टा लावणारे लोक हे बघत नाहीत आणि मग विंच भंगार आहे म्हणतात. ड्रम.

विंचवर लिहिलेला 1,800 चा आकडा असतो तो रिकाम्या ड्रमचा, म्हणजे पहिल्या थराचा. जसजसे वेढे चढतात तसा गोळा जाड होतो आणि तेवढाच जोर हँडलला जास्त लावावा लागतो, काही कंपन्या भरलेल्या ड्रमचा वेगळा आकडा छापतात तो या कारणाने. केबल ड्रमवर शेजारी शेजारी बसते, 2 इंची ड्रमवर एका थरात दहाएक वेढे, म्हणून 20 फूट केबल चार-साडेचार थरांत मावते आणि ड्रमच्या मध्यापासून बाहेरच्या वेढ्यापर्यंत साधारण 1.35 इंच होतात. पट्टा मात्र एकावर एकच बसतो. 2 मिलिमीटर जाडीचा 20 फुटी पट्टा पूर्ण गुंडाळला की तेच अंतर 2.5 इंच होतं. आणि बोट ओढताना सगळ्यात जड ओढ असते ती शेवटची, जेव्हा बोट पाण्याबाहेर येऊन बंकवर घासत वर चढते, म्हणजे नेमकी तेव्हा जेव्हा सगळा पट्टा ड्रमवर आलेला असतो. 9 इंची हँडल, 5 ला 1 गिअर (हँडलचे 5 फेरे, ड्रमचा 1), 1,000 पाउंडाची ओढ असा हिशेब केला तर केबलला हँडलवर 30 पाउंड लागतात आणि पट्ट्याला 56. विंचमधलं घर्षण धरलं तर दोन्ही अजून थोडे वाढतील. 30 पाउंड साठीजवळचा माणूस आरामात फिरवतो. 56 ला खांद्याला झटका बसतो, त्यात हँडल हातातून सुटलं आणि रॅचेटचा (ड्रमला उलटं फिरू न देणाऱ्या दातेरी चाकाचा) खटका नीट बसलेला नसेल तर ते उलटं फिरून मनगट मोडू शकतं.

हे दाजींना कागदावर दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "मग केबलच बरी की." आणि त्या एका मुद्द्यावर त्यांचं बरोबर होतं, म्हणून मग तो मुद्दा सोडवायला लागलो. पट्टा लहान केला तर? बोट आधी दोराने ट्रेलरच्या गाइड पोस्टच्या, म्हणजे बाजूंच्या उभ्या खांबांच्या, मधे आणली की विंचपासून बोटीच्या नाकावरच्या कडीपर्यंत सात-आठ फूटच उरतात, त्यामुळे 15 फूट पुरतात, ड्रमवर तीन वेढे कायम शिल्लक ठेवूनसुद्धा. 15 फुटी पट्ट्याला ते अंतर 2.2 इंच होतं आणि हँडलवर 49 पाउंड. थोडं कमी, पण पुरेसं नाही. म्हणून विंचच बदलायची ठरली, दोन गिअरची, 2,500 पाउंडची, लो गिअर साधारण 12 ला 1. त्यात तीच ओढ 20 पाउंडावर येते. वेळ जास्त लागतो, हँडल जास्त फिरवावं लागतं, पण दाजींना घाई कुठे आहे. तसंही जुन्या 1,800 च्या विंचला फार वाव नव्हता, बंकवाल्या ट्रेलरला बोटीच्या वजनाच्या अर्धी ते पाऊणपट विंच असावी असा जो सर्वसाधारण नियम आहे त्यात ती साधारण मधोमध बसत होती.

तिसरा पर्याय पण टेबलावर आला, डायनीमा म्हणजे सिंथेटिक दोर. हलका, पाण्यावर तरंगतो, गंजत नाही, ताणत जवळजवळ नाही, 1/4 इंचीची ताकद स्टीलच्या बरोबरीची किंवा वर, आणि केबलसारखा शेजारी शेजारी बसतो म्हणजे ड्रमचा प्रश्नच नाही. इलेक्ट्रिक विंच असती तर मी हाच घेतला असता. पण त्याला गाठ मारली की ताकद अर्धी होते, टोक स्प्लाइस करूनच (दोराचे पेड एकमेकांत विणून) घ्यावं लागतं, सैल गुंडाळला तर जोर आल्यावर वरचा वेढा खालच्या वेढ्यांत रुततो आणि मग हाताने सोडवत बसायचं, शिवाय ड्रमला जरा धार असली की कापला जातो. शिवाय ज्यांना रॅम्पवर मागे तीन गाड्या थांबलेल्या असताना काम करायचंय त्यांना रुतलेला दोर नको. हा पर्याय बाजूला ठेवला.

बसवताना दोन गोष्टींवर वेळ घालवला. एक, पट्टा ड्रमला कसा धरतो. केबल ड्रमच्या भोकातून जाऊन क्लिपने धरतात, पट्ट्याला मात्र टोकाला शिवलेली फास असते आणि ड्रमच्या दोन्ही भिंतींतून आरपार जाणारा बोल्ट त्या फासेतून जातो. त्या बोल्टवर नळी चढवलेली हवी, नाहीतर बोल्टचे आटे पट्ट्याला करवतीसारखे घासतात. नट नायलॉकचा, म्हणजे आपोआप न सुटणारा. ड्रमच्या भिंतींच्या आतल्या कडेवरून हाताचं बोट फिरवलं तर नव्या विंचला सुद्धा एक ठिकाणी धार लागली, ती कानशीने घासून गोल केली, वर थोडा झिंक स्प्रे. दोन, पट्ट्याची रेषा. पट्टा ड्रमच्या वरून सुटतो की खालून हे रॅचेटच्या दिशेप्रमाणे ठरतं, आणि तो बोटीच्या नाकाला टेकणाऱ्या रबरी रोलरच्या खालून कडीकडे सरळ किंवा किंचित खालून गेला पाहिजे म्हणजे बोट रोलरला घट्ट दाबून बसते. तिरका वरून गेला तर रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला नाक उचकतं. नवा पट्टा पहिल्यांदा गुंडाळताना त्यावर ताण हवा, म्हणून रिकामा गुंडाळला नाही, बोट रॅम्पवर अर्धी पाण्यात असताना तिच्या वजनावरच गुंडाळला. ग्रीस फक्त गिअरला आणि बुशिंगला, पट्ट्याला अजिबात नाही, ग्रीसला वाळू चिकटते आणि ती आतून कापते.

आणि एक गोष्ट मी हट्टाने करून घेतली. जुन्या मालकाने सेफ्टी चेन लावलीच नव्हती. विंचचा पट्टा बोट ओढण्यासाठी आहे, हायवेवर 65 च्या स्पीडला बोट धरून ठेवण्यासाठी नाही. खांबापासून बोटीच्या कडीला वेगळी चेन, आणि मागे दोन्ही बाजूंना ट्रान्समपासून (बोटीच्या मागच्या भिंतीपासून) ट्रेलरला रॅचेटचे दोन पट्टे. हे नसेल तर केबल की पट्टा यावर चर्चा करायचीच नाही, आधी हे लावा.

एक उन्हाळा गेल्यावर मी परत सगळं उघडून बघितलं. हातात काही टोचलं नाही, ताई खूश. जहाजांच्या लाटेने बोट झटका देते तेव्हा पट्टा थोडा झेलतो, केबलला तो झटका थेट खांबावर यायचा, हे दाजींनी स्वतःहून सांगितलं. रंग फिका झाला होता, ते होणारच. पण डावी कड उजवीपेक्षा जास्त फुसफुशीत होती आणि शोधत गेल्यावर कळलं की खांबच किंचित फिरलेला आहे, पट्टा दर वेळी ड्रमच्या डाव्या भिंतीला घासत होता. खांबाचे यू बोल्ट ढिले करून विंच अर्धा इंच सरकवली, परत घट्ट केले, आणि गुंडाळताना दाजी आता एक डोळा पट्टा मधोमध बसतोय का यावर ठेवतात. हुकच्या लॅचची स्प्रिंग गंजली होती, हुक बदलला, पट्टा तोच. बाकी देखभाल म्हणजे घरी आल्यावर पूर्ण पट्टा सोडून गोड्या पाण्याने धुणं, कारण मिठाचे खडे सुकले की विणीच्या आत कापतात, मग सावलीत वाळवून गुंडाळणं आणि विंचवर कव्हर. पट्ट्याच्या आतल्या टोकाला मार्करने लावल्याचा महिना लिहून ठेवलाय.

केबल कुणी लावू नये असं माझं अजिबात मत नाही. गोड्या पाण्याचं तळं, रोलरवाला ट्रेलर (फळ्यांऐवजी फिरते रोलर असलेला), बोट शेडमध्ये राहते, लांबून ओढायचं असतं, अशा ठिकाणी चांगली गॅल्व्हनाइज्ड केबल बरीच वर्षं टिकते आणि ड्रमवर जागा कमी घेते. दाजींचे एक मित्र लेक कॉनरोला बोट ठेवतात, त्यांच्या केबलला मी हात लावू दिला नाही कारण ती उत्तम आहे. फक्त वर्षातून एकदा पूर्ण सोडून जुनी चिंधी तिच्यावरून ओढायची, चिंधी अडकली की तार तुटली. उघडा हात फिरवून बघायचं नाही. गल्फच्या किनाऱ्याला मात्र मी कोणालाही पट्टाच सांगेन.

कोकणात ट्रेलरवर बोट किंवा जेटस्की ठेवणाऱ्यांचा पण मीठ आणि उन्हाचा हिशेब हाच आहे, वर पावसाळ्याचे चार महिने. तिकडे विंचचा तयार पट्टा सहज मिळाला नाही तर ट्रकचा माल बांधायचे 50 मिलिमीटरचे बेल्ट घेताना लेबलचा रंग बघा. युरोपियन स्टँडर्डप्रमाणे बनवलेल्या बेल्टला निळं लेबल म्हणजे पॉलिएस्टर, हिरवं म्हणजे नायलॉन, तपकिरी म्हणजे पॉलीप्रोपिलीन. निळंच घ्यायचं, तपकिरी उन्हात लवकर कडक होऊन तुटतं. आणि फास शिवून घ्यायची असेल तर चपला-बॅगावाल्याकडे नाही, जिथे लिफ्टिंग बेल्ट शिवतात त्याच्याकडेच, पट्टा जातो तो बहुतेक वेळा शिलाईतच.

दाजींच्या पट्ट्याचं ठरलंय की कडेला काप दिसला, शिलाईचा एक जरी टप्पा सुटला, किंवा पट्टा वाकवल्यावर पुठ्ठ्यासारखा कडक लागला की त्याच आठवड्यात नवा, आणि यातलं काहीच नाही झालं तरी पुढच्या मे महिन्याच्या आधी बदलायचा. नवा 15 फुटी पट्टा त्यांनी आत्ताच आणून गॅरेजमध्ये खोक्यात ठेवलाय, उन्हापासून लांब.